अमानत आपली, खबर कुणाला?

२०२१ च्या मे महिन्यात डार्क वेबवर एक सर्च इंजिन दिसू लागले. मोबाईल नंबर टाकला की डोमिनोजच्या भारतातील ग्राहकाच्या ऑर्डरी आणि पत्ता समोर येत असे. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट कोविडची लस घेतलेल्यांचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक सांगू लागला. कोविन पोर्टल सुरक्षित असल्याचा खुलासा सरकारने केला. दोन्ही वेळी सामान्य माणसाला हे कळले ते बातम्यांतून.

‘पिझ्झाच्या ऑर्डरीत लपवण्यासारखं काय आहे?’ असे कुणी म्हणेल. हा प्रश्न आपल्या बहिणींना विचारून पाहा. २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. ते फोटो सोशल मीडियावरून उचललेले होते. अशा हातांत घरचा पत्ता आणि फोन नंबरही पडला तर?

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सायबर घटना लक्षात आल्यावर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवावे, असा आदेश २०२२ मध्ये निघाला. पण नागरिकाला कधी कळवायचे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन घातले. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि हे बंधन लागू होण्यासाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याचे नुकसान झाले, त्याला या कायद्यात भरपाई नाही.

तोवर आपणच तपासायचे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर ईमेल टाकला की तो कोणकोणत्या फुटलेल्या डेटात सापडला, ते मोफत कळते. डोमिनोज इंडिया आणि बिगबास्केट दोन्ही तिच्या यादीत आहेत. नाव सापडले तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरला तिथे बदला. सापडले नाही तर निर्धास्त होऊ नका. त्या साइटपर्यंत न पोचलेला डेटा तिथे दिसणार नाही. ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. आधार कुठे वापरले गेले, हे यूआयडीएआयच्या साइटवर दिसते आणि बायोमेट्रिक लॉकही करता येते. ‘तुमचा डेटा फुटलाय का, तपासा’ म्हणणाऱ्या अनोळखी लिंकवर आधार क्रमांक किंवा ओटीपी कधीही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

पण जाब फक्त कंपन्यांना आणि सरकारला विचारून भागणार नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म, उमराहची नोंदणी, रेशन किटची यादी यासाठी आपल्याच संस्था आधार आणि पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवतात. काम झाल्यावर ते किती जणांच्या फोनमध्ये पडून राहतात?

अमानत हा शब्द आपल्याला नवा नाही. मक्केतील लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत करण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हिजरतच्या वेळी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले, असे सीरतमध्ये आपण वाचतो. जिवावर बेतलेले असतानाही अमानतीचा हिशेब चुकवला गेला नाही.

आज लोकांची माहिती हीच अमानत आहे. म्हणून प्रत्येक अंजुमनने, मशीद कमिटीने, युवक मंडळाने तीन गोष्टी ठरवाव्यात : गरजेपुरतीच कागदपत्रे घ्यायची, काम होताच ती पुसायची आणि काही फुटले तर त्याच दिवशी लोकांना सांगायचे. हे आपण केले, की हाच हक्क सरकारकडे आणि कंपन्यांकडे ठणकावून मागता येईल.