एकेरी वीजदराची वाट बंद करू नका

ज्या घराला महावितरणचा नवा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचा) मीटर लागला, त्या घराचे बिल आता घड्याळावर चालते. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. बाकीच्या तासांना नेहमीचा दर. संध्याकाळी जादा आकार नसल्यामुळे या रचनेत घरगुती ग्राहकाचा तोटा नाही, हे आधीच मान्य करायला हवे. काळजी पुढची आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियम दुरुस्त केले. त्यांनुसार उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकालाही किमान १० टक्के जास्त असावा, अशी दिशा ठरली आहे. हा जादा आकार घरापर्यंत पोचेल तेव्हा ज्या कुटुंबाला तो झेपणार नाही, त्याला एकेरी, म्हणजे सर्व तासांना सारख्या, दरावर परतण्याचा हक्क हवा, आणि तो आताच नियमात लिहिला गेला पाहिजे.

सवलतीचा हिशेब मांडला की ती कोणाच्या वाट्याला येते ते कळते. महिन्याला १५० युनिट लागणाऱ्या घरात ५० युनिट दिवसा जळले, तर वाचतात ४० रुपये. एक एचपीची मोटार अर्धा तास चालवली तर जेमतेम ०.४ युनिट लागते. ती रात्रीऐवजी दुपारी लावली तर ३२ पैसे सुटतात. पण लातूरमध्ये मोटार कधी लावायची हे घरातले माणूस कुठे ठरवते? नळाला पाणी ज्या वेळी येईल त्या वेळी ती लावावीच लागते. गिझर सकाळी ९ च्या आधी लागतो. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर यांची वेळ संध्याकाळचीच. मे महिन्यात दुपारी कूलर चालतो, त्यावर सवलत मिळते हे खरे. पण नांदेडच्या उन्हाळ्यात तोच कूलर रात्रभरही चालवावा लागतो. शिकवणी वर्गांमुळे या दोन्ही शहरांत बाहेरगावची हजारो मुले खोल्या घेऊन राहतात. ती दिवसभर वर्गात असतात आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत अभ्यास करतात. मीटर घरमालकाच्या नावाचा, विजेचे पैसे बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो. या मुलांना दुपारच्या सवलतीचा उपयोग नाही, संध्याकाळचा जादा आकार मात्र त्यांच्यापर्यंत नक्की येईल.

शिवाय स्वस्त विजेचे तास कायमचे नसतात. आपल्याच राज्यात उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. त्या भरवशावर अनेकांनी रात्रपाळ्या बसवल्या. सौरऊर्जा वाढली, २०२५ च्या दररचनेत ती सवलत गेली आणि स्वस्त वेळ दिवसावर आली. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही योजना आली: रात्रीचे सात तास स्वस्त, दिवस महाग. रात्री तापवून दिवसभर ऊब देणाऱ्या हीटरसाठी ती सोयीची होती. ज्या घरातून ते हीटर गेले, त्यांना ती महाग पडू लागली. पण तिथल्या ग्राहकाला एकेरी दर घेता येतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने नोव्हेंबर २०२० पासून घरगुती ग्राहकाला वेळेनुसार दर आणि वापराच्या टप्प्यांनुसार दर यांतून निवड करू दिली. आपल्याकडे मात्र मीटर बदलला की दररचना बदलते. ग्राहकाला कोणी विचारत नाही.

यावर वीजतज्ज्ञ म्हणतील, दिवसा सौर वीज मुबलक आहे, संध्याकाळची महाग पडते. दराने तसा इशारा दिला नाही तर लोक वापर हलवणार कसा? मुद्दा रास्त आहे. परंतु हलवता येईल असा मोठा भार घरात नाही, शेतात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच आहे आणि ती वेगाने पुरी करणे हाच खरा उपाय आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचाही जीव त्याने वाचेल. सगळेच एकेरी दर निवडतील, ही भीतीही मला पटत नाही. घरी वडीलधारी माणसे आहेत, दुपारी शिवणयंत्र किंवा वॉशिंग मशीन चालते, अशी कुटुंबे फायदा दिसला तर वेळेचा दर आपणहून घेतील. दोन दरांचा हिशेब किचकट होईल, हा आक्षेप तर टिकतच नाही. तासातासाचा वापर नोंदवणारा मीटर बसवल्यावर दोन्ही रकमा काढणे संगणकाचे काम आहे. प्रत्येक बिलावर त्या शेजारी-शेजारी छापाव्यात: वेळेनुसार इतके, एकेरी दराने इतके. वर्षातून एकदा ग्राहकाला निवड बदलू द्यावी.

तूर्त कोणी टीओडीला घाबरू नये. मीटर बदलला असेल तर ९ ते ५ चे युनिट आणि त्यांची सवलत बिलावर वेगळी दिसते का, ते तपासा; दिसत नसेल तर उपविभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि राज्य वीज नियामक आयोग पुढच्या दरवाढीवर सूचना-हरकती मागवील, तेव्हा लातूर-नांदेडच्या ग्राहकांनी ही मागणी लेखी नोंदवावी: संध्याकाळचा जादा आकार लावण्याआधी घरगुती ग्राहकाला एकेरी दराचा पर्याय द्या.