खेळाचं मैदान आणि वरची विमानं

क्रिकेटच्या सामन्याला हवाई दलाची विमानं कशाला हवीत, हा प्रश्न तुमच्याही घरात कुणीतरी विचारला असेल. विचारणारं बहुधा लहान मूल असतं, नाहीतर सासूबाई. दोघांनाही ‘असू दे, बघ गुपचूप’ म्हणून गप्प करू नये असं मला वाटतं, कारण प्रश्न चांगला आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आठवतोय ना? भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते, डब्यांत चिवडा-चकली शिल्लक होती आणि अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. खेळ सुरू व्हायच्या आधी ‘सूर्यकिरण’ पथकाची विमानं मैदानावरून गेली. सामना आपण हरलो. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे पुढे कितीतरी दिवस मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर विमानंच विमानं होती. ‘बाई, ती बॉम्ब टाकतात का हो?’ हा पहिला प्रश्न.

तर मैत्रिणींनो, उत्तर माहीत असलेलं बरं. ‘सूर्यकिरण’ हे नऊ विमानांचं पथक. त्याचं बिऱ्हाड बीदरला, म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडेच. हल्ली ते ‘हॉक’ विमानं उडवतात, ज्यांवर नवे वैमानिक शिकतात ती. थोडक्यात, ही शिकवणीची विमानं. उडताना एकाच्या पंखापासून दुसऱ्याचा पंख कधीकधी पाच मीटरहूनही कमी अंतरावर असतो. आपली पाचवारी साडी उलगडून दोघींनी दोन टोकं धरली तर जेवढं अंतर होईल, साधारण तेवढंच! मागे जो रंगीत धूर सुटतो, त्याची यंत्रणा नाशिकच्या हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत तयार झाली आहे. हे सांगितलं की मुलांचे डोळे लकाकतात.

पण मला या पथकाची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ते सुरू झालं १९९६ मध्ये. तेव्हा त्यांच्याकडे ‘किरण’ नावाची विमानं होती. २०११ मध्ये नवीन वैमानिकांना शिकवायला विमानं कमी पडू लागली, तेव्हा कसरती बंद करून ती विमानं शिकवणीला दिली गेली. २०१५ मध्ये ‘हॉक’ आल्यावर पथक पुन्हा उभं राहिलं. घरात धान्य कमी पडलं की आपण आधी सणाचं पक्वान्न बंद करतो, पोरांच्या ताटातली भाकरी नाही. अगदी तसंच झालं हे.

खर्चाचं काय, असं आमच्या शेजारच्या वहिनी विचारतात. एवढं इंधन धुरात घालवायचं? त्यांचं अगदीच चूक नाही. ही चाल निघाली तिकडे अमेरिकेत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१८ मध्ये, शिकागोच्या बेसबॉल सामन्यावरून लष्करी विमानं गेली होती. आता तिथे मोठ्या सामन्यांना हा रिवाजच आहे. त्यांचं हवाई दल म्हणतं, वैमानिकांना सरावाचे तास भरावेच लागतात, त्यातच हे बसतं, वेगळा खर्च नाही. ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या जागी पोचणं हाही सरावच, हे मला पटतं. पण त्याच अमेरिकेत २०१५ मध्ये दोन सिनेटरांनी अहवाल काढून दाखवलं, की मैदानावर सैनिकांचे सत्कार करण्यासाठी संरक्षण खात्याने खेळाच्या संघांना पैसे मोजले होते. विकत घेतलेला सत्कार! तो कुणाला गोड लागणार?

आम्हा मांजरीकरांना विमानं नवी नाहीत. नदीपलीकडे लोहगाव, आणि तिथे १९९७ पासून सुखोई. दुपारी जरा डोळा लागावा आणि वरून गडगडाट व्हावा, हे नेहमीचं. नवीन राहायला आलेल्या बायका दचकतात, जुन्या कुकरच्या शिट्ट्या मोजत राहतात. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये याच सुखोईंपैकी एक इथून जवळच, थेऊरच्या बाजूला शेतात कोसळलं. दोन्ही वैमानिक सुखरूप उतरले. ‘सूर्यकिरण’चं नशीब मात्र तसं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरला सरावातच त्यांची दोन विमानं एकमेकांना धडकली आणि एका वैमानिकाचा जीव गेला. आपण टाळ्या वाजवत असतो, तेव्हा कुठेतरी एक बाई टीव्हीसमोर श्वास धरून बसलेली असते. तीही आपल्यासारखीच, सकाळी डबा भरून दिलेली. मुलांना हेही सांगावं. घाबरवायला नव्हे, पण ही खेळणी नाहीत एवढं त्यांना कळावं.

खेळ आणि विमानं यांचं खरं नातं मला २०२५ च्या मे महिन्यात दिसलं. सीमेवर विमानं खऱ्या कामाला लागली होती. ८ मेला धरमशालेचा आयपीएल सामना मध्येच थांबवून प्रेक्षकांना घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी स्पर्धाच आठवडाभर थांबवली. त्या दिवसांत वरून सुखोई गेलं की आमच्या गल्लीत कुणीच ‘अहाहा’ म्हणत नव्हतं. माझा मुलगाही खिडकीकडे धावला नाही, माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मैदानावरची विमानं शोभेची आहेत, आणि ती शोभा करायला सवड आहे याचाच आनंद मानावा, असं तेव्हापासून मला वाटतं. म्हणून मी त्याला विरोध करत नाही. फक्त विमानं बघून ‘आता दाखवा त्यांना!’ असं कुणी ओरडलं की माझं डोकं दुखतं. समोरचा संघ पाहुणा असतो हो, शत्रू नव्हे.

आता, प्रत्यक्ष बघायला जायची वेळ आली तर थोडं लक्षात ठेवा. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर हवाई कसरती बघायला लाखो लोक जमले आणि ऊन-गर्दीने पाच जण दगावले. विमानांनी नव्हे, उन्हाने! तेव्हा प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा पदर, आणि सोबत लिंबू-साखर-मीठ घातलेलं सरबत हवंच. म्हाताऱ्या माणसांना भर दुपारी नेऊ नका, त्यांना टीव्हीवरच छान दिसतं. बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा, आणि कार्यक्रम संपल्यावर पहिल्या लोंढ्यात घुसू नका.

तान्ह्या बाळाला तर न्यायचंच नाही. घरावरूनच विमानं जाणार असतील तर खिडक्या लावून घ्या आणि आपले तळवे बाळाच्या कानांवर अलगद धरा. कापसाच्या बोळ्याने फारसं भागत नाही. मोठ्या मुलांना मात्र एक गंमत सांगा. आवाज जिथून येतो तिथे विमान शोधायचं नाही, त्याच्या पुढे बघायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात विमान चांगलं अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.