डोळ्यांना अंधारही हवा

हिवाळ्यातले निरभ्र आकाश पाहायला महागडी दुर्बीण लागत नाही. पक्षी पाहण्यासाठी वापरतात ती साधी बायनॉक्युलर पुरते. मात्र तिच्या जोडीला अंधार लागतो, आणि तोच आता दुर्मीळ होत चालला आहे. ही काळजी केवळ आकाशनिरीक्षकांची नाही. ती आरोग्याचीही आहे.

बायनॉक्युलरवर ‘१०×५०’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा दहापट मोठे दिसण्याचा, दुसरा समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग तिच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. वयाबरोबर बाहुली कमी उघडू लागते. पन्नाशीनंतर ती ५ मिलिमीटरच्या आसपास येते. ‘७×५०’मधून बाहेर पडणारा प्रकाशझोत ७ मिलिमीटर रुंद असतो, त्यातला बराच प्रकाश अशा डोळ्यात शिरतच नाही. ‘१०×५०’चा झोत ५ मिलिमीटरचा असतो. म्हणून पन्नाशीपुढच्यांना तीच सोयीची.

यंत्र कितीही चांगले असले तरी डोळ्यांना वेळ द्यावाच लागतो. मंद प्रकाशात आपण दृष्टिपटलातील दंडपेशींनी पाहतो. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलकडे एकदा पाहिले की बरीचशी मेहनत वाया जाते. दृष्टिपटलाच्या केंद्रभागी दंडपेशी नसतात, म्हणून अंधुक वस्तू थेट पाहण्यापेक्षा जरा बाजूला नजर ठेवल्यास अधिक स्पष्ट दिसते.

जानेवारीच्या संध्याकाळी कृत्तिकेपासून सुरुवात करावी. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, बायनॉक्युलरमधून कित्येक डझन. मृग नक्षत्रातला तेजोमेघ धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. गुरू आकाशात असेल आणि हात स्थिर असतील, तर गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले त्याचे चंद्रही दिसतात. आरामखुर्चीत रेलून, कोपर टेकवून पाहावे. मानही अवघडत नाही आणि चित्रही हलत नाही.

दोन सूचना डॉक्टर म्हणून. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर आकाशाकडे वळवू नये. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते भाजले तरी त्या क्षणी समजत नाही, आणि ही इजा कायमची ठरू शकते. दुसरे म्हणजे, इतरांना दिसणारे तारे तुम्हाला अर्ध्या तासानंतरही दिसत नसतील किंवा दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा बदललेला नंबर, मोतीबिंदू, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दृष्टिपटलाचा आजार, यांपैकी काहीही असू शकते.

आता मूळ मुद्दा. रात्रीचा उजेड शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती दाबतो. निळसर छटेच्या पांढऱ्या प्रकाशाचा हा परिणाम अधिक असतो. मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचे सांगते. ती खूण पुसली की झोप बिघडते. झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांना मी आधी विचारतो, ‘खिडकीत कुठला दिवा येतो?’ रस्त्यावरच्या उघड्या दिव्याचा बराच प्रकाश आकाशात आणि लोकांच्या घरात जातो. वयस्कर डोळ्यांना त्याची तिरीप बसते, आणि पायाखालचा खड्डा दिसतच नाही.

सुरक्षिततेसाठी उजेड हवा, यात वाद नाही. तो खाली, रस्त्यावर पडायला हवा. दिव्यांना वरून झाकण, पिवळसर छटेचे बल्ब आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक बंद, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पण अंधार पाहायला जंगलात जावे लागणे हे शहरांना भूषणावह नाही. नगरपालिकेकडे नवा दिवा मागताना त्याला झाकणही मागा. तोवर आज रात्री आपल्या गच्चीवरचा दिवा बंद करून अर्धा तास थांबा, आणि कृत्तिकेतले तारे मोजा.