चक्रवाढ चॉकलेट

नाताळ जवळ आला की परभणीत बेकऱ्यांच्या काचांमागे चॉकलेट केकचे मजले चढू लागतात. तळमजल्यावर केक, त्यावर क्रीम, पुन्हा केक, पुन्हा क्रीम, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीसारखी एक लाल चेरी. ही चेरीदेखील बहुधा पाकात लाल केलेलं करवंद असतं! मुलांना सुट्ट्या, पाठोपाठ एकतीस डिसेंबर, तेव्हा केक आता घरोघरी लागतोच. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'चॉकलेट' या शब्दाला.

चॉकलेटचं चॉकलेटपण असतं कोकोच्या बियांतल्या लोण्यात. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे ताटलीत घट्ट आणि जिभेवर पाणी. पुष्कळशा बेकऱ्यांत येणारा ठोकळा निराळा. त्यात हे महागाचं लोणी नसतंच. त्याच्या जागी पामच्या बियांचं वगैरे घट्ट केलेलं तेल असतं. बरं, चोरीही नाही. वेष्टणावर 'कंपाउंड' असं स्वच्छ छापलेलं असतं. आम्हा बँकवाल्यांना कंपाउंड म्हणजे चक्रवाढ, निदान काहीतरी वाढणार. इथे मुद्दलच गायब! आणि ते पांढरंशुभ्र क्रीम? त्याची आणि म्हशीची बऱ्याचदा साधी तोंडओळखही नसते.

काउंटरवर नकली नोट आली तर आम्ही तिच्यावर शिक्का मारतो, ती ठेवून घेतो आणि पावती देतो. त्या वेळी गिऱ्हाईक जो आकांत करतं तो ऐकण्यासारखा असतो. दहाची फाटकी नोट दोनदा उजेडात धरून बघणारा हाच गृहस्थ पाचशे रुपये मोजून तेलाचा केक मुकाट्याने घरी नेतो. डालडा वाढून साजूक तूप म्हणणाऱ्या यजमानाला आपल्या आयांनी जन्मभर नाव ठेवलं असतं. आपण मेणबत्त्या लावून टाळ्या वाजवतो.

बेकरीवाल्याची बाजू मी ऐकलेली आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ ला टेकतो. खरं चॉकलेट असलं तर केक घरी पोचेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं. कबूल! पण डिसेंबरात? इथल्या कृषी विद्यापीठात तापमान कधी कधी ५ अंशांच्याही खाली नोंदलं गेलंय. तेव्हा वितळण्याची सबब सांगणं म्हणजे मार्चअखेरीला बँकेत काम नाही म्हणण्यासारखं आहे.

बदली माल घालायला माझी ना नाही. केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी १८८३ साली नाताळचा केक केला, तो भारतातला पहिला म्हणतात. साहेबाने सांगितलेली फ्रेंच ब्रँडी सोडून त्यांनी गावची दारू वापरली, असं सांगतात. पण ती चवीसाठी. इथली बदली नुसती भावासाठी.

म्हणून म्हणतो, केक घरी करा. "ओव्हन कुठाय?" हा प्रश्न आपल्या आयांना पडला नव्हता. दिवाळीआधी घरी पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाया थापून, त्या बेकरीच्या भट्टीवर जात. आणि आपल्या तुपाचा ट्रे दुसरीच्या डालड्याशी बदलू नये म्हणून तिथे पहारा देत. आज तर घरात कुकर आहे. त्याची रबर आणि शिट्टी काढा, तळाशी मीठ पसरा, वर तिवई, दहा मिनिटं तापू द्या. दीड वाटी मैदा, वाटीभर साखर, पाव वाटी कोको, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, चमचाभर सोडा. (इथे तेल चालतं, ते तेल म्हणूनच येतं.) दह्याची आंबटाई लागली की सोडा लगेच फुगायला लागतो, तेव्हा भांडं ताबडतोब आत. मंद आचेवर पाऊण तास.

आता 'करा' म्हणजे कोणी? "घरचं ते घरचं" असं पुरुष म्हणतो तेव्हा राबणारे हात त्याचे नसतात. फराळाने कंबर मोडलेल्या बाईच्या गळ्यात महिन्या-दीड महिन्यात हा केक घालायचा असेल, तर विकतचं तेल खाल्लेलं बरं. पुरणपोळीला हात बसावा लागतो हो. केकला माप लागतं. चाळायचं, मोजायचं, घड्याळ बघायचं. वीस-पंचवीस वर्षं खर्डेघाशीत काढलेल्या माणसाला याहून सोयीचं काम सापडणार नाही. तेव्हा महाराज, उठा!

फुगेल ना? 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्याच गावची आहे. पूर्ण गार झाल्यावर दोऱ्याने आडवे दोन थर कापा, थोडं साखरपाणी शिंपडा, मध्ये आणि वर खऱ्या चॉकलेटमध्ये गरम साय घोटून ओता. बसका झाला असेल तर जरा जास्तच ओता. वर करवंद लावायचं असेल तर खुशाल लावा. पण करवंद म्हणून.