'माझ्या आधीचं' म्हणणाऱ्या पुढाऱ्याला



आपल्यातलाच एखादा पोरगा वर चढतो. टोळीचा मुकादम होतो, नाहीतर शाखेचा अध्यक्ष. आठ दिवसांत त्याच्या तोंडी एकच वाक्य बसतं : 'हे माझ्या आधीचं आहे.'

हजेरीबुकात मेलेल्या माणसाची हजेरी लागतेय? माझ्या आधीचं. कंत्राटी पोरांचा तीन महिन्यांचा ओव्हरटाइम बुडाला? आधीचं. वर्गणीच्या पावत्या आहेत, पैसा नाही? तेही आधीचंच. मग साल्या, हारही आधीच्याच्याच गळ्यात का नाही घालू दिलास?

सातबारा नावावर झाला की त्याच्यावरचा बोजाही नावावर होतो. हे गावाकडच्या आपल्या भूमिहीन बापालाही कळतं.

बाबासाहेबांकडे बघा. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप झाला, त्यात ते पुढे होते. जुलै १९४२ मध्ये तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कायदे साहेबाचे, लढाई साहेबाची, कारखान्यातला आठवडा ५४ तासांचा. सगळंच आधीचं! यापेक्षा चांगली सबब कुणाला मिळाली असती? पण डिसेंबर १९४३ मध्ये हा माणूस धनबादकडच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरला. १९४४ ला खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४६ ला आठवडा ४८ तासांवर आला.

सगळं सुतासारखं सरळ झालं असंही नाही. बायकांना खाणीच्या पोटात उतरवायला बंदी होती. लढाईच्या नावाखाली ती १९४३ ला उठली, खातं बाबासाहेबांकडे असताना. १९४४ ला सभागृहात त्यावर हल्ला झाला तेव्हा उत्तराला तेच उभे राहिले. १९४६ ला बंदी परत लागू झाली. फोटोला हार घालणाऱ्यांनी हेही वाचावं. ज्याच्याकडे खातं, त्याच्याकडेच जाब.

दुसरी एक जात आहे. ती आल्याआल्या आधीच्याला गद्दार ठरवते, त्याची माणसं हाकलते, टाळ्या घेते. थकलेला पैसा थकलेलाच राहतो. शिव्यांनी कुणाची चूल पेटत नाही.

म्हणून नव्या पुढाऱ्या, ऐक. पहिल्याच पाळीला वही टोळीसमोर उघड. कुणाचं किती थकलंय, नावानिशी मोठ्यानं वाच. काय महिन्यात देशील, काय तुझ्या हातात नाही, तोंडावर सांग. जुन्याला बोलव, हिशेबाला बसव. मेलेल्याचं नाव आजच खोड. उद्या ती हजेरी लागली तर ती तुझी चोरी.

गोणी कुणी भरली हे पाठ विचारत नाही. तिला ओझं कळतं.

वही उघड, नाहीतर खुर्ची सोड!