तंबाखूची नोंद आहे, पाटाची नाही

गावात माणूस गेलं की एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी लागते. ग्रामपंचायतीत छापील नमुना असतो. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, धर्म. व्यवसायासाठी एक रकाना असतो आणि त्यात 'शेती', 'मजुरी' किंवा 'घरकाम' यांपैकी एक शब्द पडतो. त्यानंतर मात्र सरकार बारकाईनं चौकशी करतं. बिडी ओढत होते का, किती वर्षं? तंबाखू खात होते का, किती वर्षं? सुपारी, पानमसाला? दारू घेत असतील तर किती वर्षं? १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालचा हा कागद आहे. रोगांचा हिशेब ठेवायला ही माहिती लागते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. गंमत एवढीच की ऐंशी वर्षं जगलेल्या माणसानं तंबाखू किती वर्षं खाल्ली हे सरकारच्या दप्तरात राहतं, आणि त्यानं पाटाचं पाणी किती वर्षं वाटलं हे कुठंच राहत नाही.

दुसरी नोंद पेपरात होते. धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्यांना हा मजकूर पाठ झालेला असतो. पांझरा नदीच्या या काठावर आजूबाजूच्या तालुक्यांतली कितीतरी गावं येऊन राहिली आहेत. मुलगा नोकरीला लागला, नातवंडं शाळेत गेली, मग म्हातारा-म्हातारी दोन खोल्यांत आली. त्यामुळे निधन वार्तेत मूळ गाव साक्री नाहीतर शिंदखेडा तालुक्यातलं आणि 'हल्ली मुक्काम देवपूर' असं असतं. पुढं पत्नी, मुलं, सुना, जावई, नातवंडं यांची मोजदाद. मुलगा कुठल्या खात्यात आहे तेही येतं. गेलेला प्रत्येक जण मनमिळाऊ असतो, परोपकारी असतो आणि धार्मिक वृत्तीचा असतो. वाचून वाटतं, इतकी मनमिळाऊ माणसं ज्या गावांत होती, तिथं बांधावरून एवढे दावे चालले तरी कसे?

बायकांचं तर नावही नीट येत नाही. अमक्याच्या मातोश्री, तमक्या सरांच्या सासूबाई. आमच्या नात्यातली एक आजी गेली तेव्हा तिच्या बातमीत मुलांची नावं आणि हुद्दे मिळून चार ओळी होत्या. ती स्वतः शेवटच्या अर्ध्या ओळीत होती, तीही 'वृद्धापकाळाने' या शब्दाआधी. ही बाई खापरावरचे मांडे करायची. पुरण पोटात घेतलेली कणीक दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि फाटू न देता पालथ्या खापरावर टाकायची, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्यात किती वर्षांचा हात लागतो ते कळेल. भावकीत लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी तिला निरोप जायचा. १९७२च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, पाझर तलावाच्या भरावावर माती टाकली आणि सुकडीवर पोरं जगवली. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी तिला रात्र सरेल पण गाणं सरणार नाही इतकी येत होती, सगळी अहिराणीत. कागदावर मात्र व्यवसाय, घरकाम.

पाटाचं म्हणालो, तेही सांगतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर फड पद्धत चालत आली आहे. तीन-चारशे वर्षं तरी जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटावर चाऱ्या आणि खालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकाची फेरपालट करायची. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे शेतकऱ्यांनी बसून ठरवायचं, म्हणजे टंचाई आली तर सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. त्यासाठी माणसं नेमलेली असत. पाणी सोडणारा आणि वाटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वावरात पाणी भरणारा बारेकरी. वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, पुष्कळ ठिकाणी फड मोडले. परदेशातले अभ्यासक या पद्धतीवर लिहितात, आपल्याकडे पाणीवाटपाच्या चर्चेत तिचं नाव आदरानं घेतात. ती ज्यांनी चालवली ते मात्र एकेक करून जात आहेत.

अशाच एका पाटकऱ्याच्या दारवर गेलो होतो. आपल्याकडे घरात मयत झाली की पुढचे दिवस लोक दारवर येतात. अंगणात सतरंजी टाकलेली असते, चहा फिरत असतो, कोणी फार बोलत नाही. मग एखादा जुना माणूस सुरू होतो. त्या दिवशी पागोट्यातला एक म्हातारा म्हणाला, "तो व्हता तवलगून शेवटना वावरले बी पानी भेटे." मग दुसऱ्यानं सांगितलं की सगळ्यात वरच्या वावराच्या मालकानं एकदा रात्री चारी फोडून घेतली, तेव्हा यानं त्याच्याशी भांडण केलं नाही, पुढच्या पाळीला त्याचा नंबर शेवटी लावला. तिसऱ्यानं कुठल्या चारीला पाणी चढायला किती वेळ लागतो हे तो घड्याळाशिवाय कसं सांगायचा ते सांगितलं. तासाभरात त्या माणसाचं सगळं आयुष्य अंगणात उभं राहिलं. घरातली कॉलेजातली पोरं तोंडाकडे बघत ऐकत होती. आपला आजोबा इतका मोठा माणूस होता हे त्यांना त्याच दिवशी कळत होतं.

या प्रकारची बोलणी मी खानदेशात अनेक अंगणांत ऐकली आहेत. माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे माणसाचं चरित्र सगळ्यात खरं कुठं सांगितलं जात असेल तर ते दारवर. तिथं सांगणारा त्याच्याबरोबर राबलेला असतो आणि खोटं बोलला तर टोकायला चार जण बसलेले असतात. दहा दिवसांनी सतरंजी उचलली की ते चरित्रही उठतं. दुखवटा संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या दिवशी मांडव पडतो, कीर्तन होतं आणि मग माईक पुढाऱ्यांच्या हातात जातो. साहेबांना तीन गावं करायची असतात, म्हणून ते उशिरा येतात आणि घाईत असतात. शेजारच्याला कानात नाव विचारून घेतात आणि 'मनमिळाऊ' इथून सुरुवात करतात. ज्या म्हाताऱ्यानं पाण्याची गोष्ट सांगितलेली असते तो मागच्या रांगेत बसून ऐकतो.

आणि ज्यांची बातमीच येत नाही त्यांचं काय? बातमी पेपरात येण्यासाठी ती नेऊन देणारं कोणी लागतं. अखाजी ते अखाजी सालानं राहणारे सालदार, थंडीच्या तोंडावर गुजरातच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जाणारी भिल्ल कुटुंबं, दुसऱ्याच्या पऱ्हाटीत जन्मभर कापूस वेचणाऱ्या बाया. एकाच मालकाकडे दोन पिढ्यांचे बैल सांभाळलेला सालदार गेला, तर त्याचं नाव मालकाच्या जुन्या वहीत उचलीच्या रकमेपुढं सापडेल, बाकी कुठं नाही.

कोरोनाच्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, तर दारवर बसणंही बंद झालं होतं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. पुष्कळांना तेवढीही मिळाली नाहीत, दवाखान्यातून माणूस परस्पर अमरधामला गेला. त्या दोन महिन्यांत गेलेल्यांच्या गोष्टी कोणी कोणाला सांगितल्याच नाहीत. फोनवर 'काळजी घ्या' म्हणून लोकांनी फोन ठेवले. घरोघरी ते दुःख तसंच पडून आहे आणि त्या माणसांविषयी बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मोठ्या माणसांचं तसं होत नाही, आणि होऊही नये. डिसेंबर २०२५ मध्ये शिल्पकार राम सुतार गेले. शंभर वर्षांचं आयुष्य, १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा, देशोदेशी उभे असलेले गांधी. देवपूरच्या पुढं गोंदूर लागतं, तिथल्या सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. पेपरांनी पानं भरून लिहिलं, आम्ही अभिमानानं वाचलं. पण लाकडाचा हात त्यांच्या घरात आधीपासूनच होता. खानदेशात औतं, वखरं, बैलगाड्या घडवणाऱ्या सुतारांच्या घरांत असे हात पिढ्यान् पिढ्या होते. त्यातला एक जगाला दिसला. बाकीच्यांना पुतळा कोण मागतंय? एक पान पुरे आहे.

पानाची किंमत या भागाला नव्यानं सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरून, फडताळांतून जुने कागद गोळा करत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. त्याची शंभर वर्षं डिसेंबर २०२६ला भरतात. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ लगेच १९२७ मध्ये इथं उभं राहिलं. राजवाड्यांनी जपलेल्या कागदांत लढाया आणि तह आहेत, तशीच साध्या माणसांची वतनं, तंटे आणि करारही आहेत. कोणीतरी तेव्हा लिहून ठेवलं म्हणून ते हाताला लागलं.

तिकडे जळगावात ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई चौधरी गेल्या. असोद्याची लेक, शेतात राबणारी, अक्षरओळख नसलेली. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. घरातल्या दोन पोरांनी पेन्सिल उचलली नसती, तर त्या बाईचीही नोंद 'घरकाम' एवढीच झाली असती. आणि बहिणाबाईंच्या प्रतिभेची बाई दर गावात नसते हे खरं असलं, तरी पेन्सिल उचलल्याशिवाय ती होती की नव्हती हेही कळत नाही.

म्हणून एक सुचवतो. अखाजीचा दिवस घ्या. खानदेशात हा सण पितरांचा आणि माहेरवाशिणींचा, दोघांचा. घराघरात घागर भरली जाईल, तिच्यावर डांगर ठेवतील, सांजोऱ्या आणि आमरस होईल, आणि घरातला मोठा माणूस नावं घेत चुलीत घास टाकेल. बाप, आजा, पणजा. फार तर तिथपर्यंत. देवघरातल्या टाकांवरचा माणूस नेमका कोण, हे सांगणारं घरात कोणी उरलेलं नसतं. लेकी त्या दिवशी माहेरी आलेल्या असतात, देवपूर-नाशिक-सुरतेला गेलेली पोरं गावात असतात. बोलायला आणि लिहायला वर्षातला याहून चांगला दिवस नाही.

गावानं एक वही करावी. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. गेल्या वर्षात गावात जे गेले त्या प्रत्येकाला एक पान. जात, पुंजी, पक्ष न बघता, सालदारालाही आणि माजी सरपंचालाही एकच. लिहायचं काम दहावी-बारावीच्या पोरापोरींना द्यावं, त्यांचं अक्षर चांगलं असतं आणि त्यांना या गोष्टी माहीत नसतात म्हणून ती नीट विचारतात. विचारायचं ते सोपं. जन्म कुठला, बाई असेल तर तिचं माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय. हातात कोणतं काम होतं, ते कोणापासून शिकले, पुढं कोणाला शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात काय केलं. कोणतं गाणं, कोणती म्हण सारखी तोंडी असे. ती अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहावी, शुद्ध करत बसू नये. भांडण कोणाशी होतं तेही विचारावं, दोन्ही घरांना चालत असेल तर लिहावं. माणूस त्यानं अधिक खरा दिसतो.

वही ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत ठेवावी, कोणाच्या घरात नको. ग्रामसभेत दुखवट्याचा ठराव होतो तेव्हा दोन मिनिटं उभं राहण्याच्या आधी त्यातलं एकेक पान वाचावं. गंधमुक्तीलाही पहिलं बोलणं त्या माणसाबरोबर राबलेल्याचं असावं, साहेबांचं नंतर. आणि सुरुवात २०२१च्या त्या दोन महिन्यांत गेलेल्यांपासून करावी, त्यांचं देणं सगळ्यात जुनं आहे.

याला अनुदान लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. वही थोड्या पैशांत मिळते. अखाजीच्या आधीच्या बाजारात ती घेऊन या.