मखर माळ्यावर परत जातं का?

गणपतीत कुणाच्याही घरी गेलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: यंदा काय केलंय? दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही: मागच्या वर्षीच्याचं काय केलंत? माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ज्या घरात त्याला उत्तर नाही, तिथली आरास कितीही देखणी आणि कितीही 'पर्यावरणपूरक' असली तरी ती फसलेली आहे.

विसर्जनानंतर कुठल्याही शहरातल्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन बघा. सनबोर्डाचे खांब, फोमशीटची कमळं, सोनेरी लेस, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणि पावसात भिजून बसकण मारलेला पुठ्ठ्याचा केदारनाथ. दोन दिवसांपूर्वी याचेच फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत होते. घसा फोडून 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं आणि ज्या आसनावर त्याला बसवलं ते डब्यात कोंबायचं, यातली विसंगती आपल्याला खुपतसुद्धा नाही.

या सगळ्याचं खापर आपण थर्माकोलवर फोडून मोकळे झालो होतो. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. मखरवाल्यांनी त्या गणेशोत्सवापुरती सवलत मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली नाही. पुढे 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. मी थर्माकोलचा वकील नाही. त्याचा बहुतेक भाग हवा असतो, तो भुरभुरतो आणि गटारापासून समुद्रापर्यंत कुठेही पोचतो. बंदी योग्यच होती. पण बंदीने पदार्थ बदलला, सवय नाही. थर्माकोलच्या जागी सनबोर्ड आला, म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. पुठ्ठा आला, पण त्यावर गरम गोंद, चमकी आणि फोम चिकटवून आपण त्याची अशी खिचडी केली की तो रद्दीवाल्याच्याही कामाचा उरला नाही.

'पर्यावरणपूरक' हा शब्द इथे आपली दिशाभूल करतो. वस्तू कशाची आहे एवढंच तो सांगतो, ती किती वेळा वापरणार हे सांगत नाही. सागवानाचं मखर दर वर्षी नवं करून फेकलं, तर तेही कचराच.

मग आपण फेकतो का? आळस किंवा बेपर्वाई ही उत्तरं वरवरची आहेत. खरं कारण असं की आरास लावणं हा सोहळा आहे आणि उतरवणं हे नुसतं काम आहे. लावायला आदल्या रात्री चुलतभाऊ, मित्र, वडील सगळे जमतात. चहाच्या फेऱ्या होतात, थीमवरून भांडणं होतात. मूर्तीला निरोप देतानाही रीतसर उत्तरपूजा असते. मखराच्या निरोपाला विधी नाही. तोवर सुट्ट्या संपलेल्या असतात, लॅपटॉप उघडलेले असतात आणि घरात एक वाक्य ऐकू येतं: 'राहू दे, आई आवरेल.'

आणि आई आवरते. चौरंग पुसते, दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवते, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे सरकवते. शिवाय कुठली पिशवी कुठे आणि मखराचा तिसरा स्क्रू कशात, हे वर्षभर तिच्याच डोक्यात असतं. ठरवणारा एक आणि निस्तरणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याची फळं रोज दिसतात: रात्री दोनला सिस्टिम बंद पडल्याचा फोन ज्याला येणार नसतो, तो बिनधास्त काहीही बांधून मोकळा होतो. घरातला थीमबहाद्दर तेच करतो. जे उतरवायचं नाही, ते सुटं होईल असं बांधण्याची त्याला गरजच काय?

याचा पुरावा त्याच घरात, त्याच दिवसांत असतो. गौरींकडे बघा. पितळी मुखवटे सासूकडून सुनेकडे येतात. स्टँड, हात, दागिने, साड्या सगळं दर वर्षी निघतं आणि सगळं परत जागेवर जातं. हौस तिथे कमी असते का? साडी दर वर्षी वेगळी, नेसवण्याची तऱ्हा वेगळी, फराळाची मांडणी वेगळी. तरी गौरींचं सामान कचऱ्यात गेलेलं मी कधी पाहिलं नाही. कारण सरळ आहे: ज्या बायका ते मांडतात, त्याच ते उतरवतात. गोव्यातल्या माटोळीतही लाकडी चौकट राहते. फळं, पानं, रानातले घोस तेवढे नवे. काड्यांच्या आकाशकंदिलाचा सांगाडा जपून ठेवून दिवाळीला नुसता कागद बदलणारी घरं अजून आहेत. सांगाडा कायम, साज नवा, ही रीत आपल्याकडे आहेच. ती मोडून 'दर वर्षी नवी थीम' आपण कधी धर्मासारखी पाळू लागलो?

यावर ठरलेले आक्षेप येतात. घरात जागा नाही, हा पहिला. मान्य, भाड्याच्या वन बीएचकेत माळा नसतो. पण मग चार फुटांचा राजवाडा बांधायलाच कुणी सांगितलंय? जुन्या रेशमी साडीच्या चुण्या पाडून केलेला पडदा नंतर कपाटात एका घडीची जागा घेतो. घडी होणारी पुठ्ठ्याची मखरंही बाजारात आहेत. दुसरा आक्षेप मुलांच्या हौसेचा. तोच सांगाडा वापरून नवं काही करून दाखवायला डोकं जास्त लागतं, कमी नाही. तिसरा आक्षेप कारागिरांच्या पोटाचा, आणि तो गंभीर आहे. पण कारागिराला एकदा टिकाऊ कामाचे नीट पैसे द्यायला आणि पुढे डागडुजीलाही त्यालाच बोलवायला कुणाची हरकत आहे? स्वस्तात घ्यायचं आणि फेकायचं, यात त्याच्या कलेची कदर कुठे आली?

म्हणून माझी मागणी साधी आहे: जो थीम ठरवेल, तोच उतरवेल. विसर्जनाहून आल्यावर आंघोळ करून तोच बसेल. मखर सुटं करण्याआधी जोडणीचा एक फोटो काढेल. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळेल, सेल काढून ठेवेल, कारण आत राहिलेले सेल गळतात आणि पुढच्या वर्षी अख्खी माळ जाते. पितळ सुती कापडात बांधेल. खोक्यावर ठळक अक्षरांत यादी लिहील, म्हणजे ती आईच्या डोक्यातून खाली उतरेल. मुख्य म्हणजे हे खोकं कुठे ठेवायचं ते ठरल्याशिवाय आरास विकत घेणार नाही.

आणि घरगुती सजावटीच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी नि सोसायट्यांनी निदान निम्मे गुण आराशीच्या वयाला द्यावेत. दहा वर्षं जुनं, दोनदा रंगवलेलं, एका कोपऱ्यात टवका उडालेलं मखर ज्या वर्षी पहिलं येईल, त्या वर्षी 'पर्यावरणपूरक' हा शब्द आपण खुशाल वापरावा. तोवर परीक्षकांनी मूर्तीपुढे हात जोडून झाल्यावर घरातल्यांना एवढंच विचारावं: हे उतरवणार कोण, आणि ठेवणार कुठे?